कुत्रा कुणाचा, हा प्रश्नच चुकीचा

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक बिनपगारी जोडधंदा आपोआप मिळतो. अर्ज लिहून देण्याचा. आमच्या पालकांना मराठी बोलता येतं, उत्तम येतं, बाजारात आणि एसटीत कुणाला ऐकू जात नाही इतकं येतं. पण तहसीलदाराला लिहायची मराठी वेगळी असते. ‘उपरोक्त विषयान्वये’ आणि ‘तरी कृपया’ यांच्यामधे माणूस अडकतो, आणि मग शाळा सुटल्यावर दाराशी येऊन म्हणतो, “सर, दोन ओळी लिहून द्या.” रेशनकार्डातलं चुकलेलं नाव, जन्मदाखला, मीटरचं बिल, शिष्यवृत्ती. वीस वर्षांत असे किती अर्ज लिहिले ते मोजलेलं नाही. त्यातला एक मी साफ चुकीचा लिहिला. त्याबद्दल आज लिहितो आहे.

मार्च २०२५ मधली गोष्ट. रमजान चालू होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा गडबजवळ हायवेलगतच्या एका ट्रक यार्डात रात्रपाळीचे वॉचमन होते. वडखळकडून गडबकडे येताना ज्यांनी रात्री हा रस्ता पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. अर्धवट झालेला महामार्ग, धूळ, कडेला रांगेने लागलेले ट्रेलर, आणि पलीकडे खाडीच्या दिशेला काळोख. त्या यार्डात पाच-सहा कुत्री होती. विचारलं तर कुणाचीच नव्हती. पण ठेकेदाराच्या माणसांनीच ती धरून ठेवली होती. ड्रायव्हरांच्या डब्यातलं उरलंसुरलं रोज त्यांच्यापुढे पडायचं, कारण डिझेल काढणारे रात्री येतात, आणि कुत्री भुंकली की वॉचमन सावध होतो. म्हणजे रात्रपाळीला तिथे एक नाही, सहा-सात वॉचमन होते. पगार एकालाच मिळत होता, एवढंच.

त्यातली एक कुत्री एका ट्रेलरखाली व्यालेली होती. पहाटे पावणेपाचच्या सुमाराला सहरीचा डबा खाऊन हे गृहस्थ हात धुवायला पाण्याच्या ड्रमकडे गेले. ड्रम त्या ट्रेलरला लागूनच. कुत्रीने डाव्या पोटरीचा लचका तोडला.

सोबतच्या ड्रायव्हरने मोटारसायकलवर घालून एका खासगी दवाखान्यात नेलं. जखम धुतली, सीरम दिलं, पहिलं इंजेक्शन झालं. ६,२०० रुपये बिल. पुढची इंजेक्शनं पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात फुकट मिळाली. पण जखम खोल होती, पाय सुजला, रात्रभर उभं राहणं जमेना. १९ दिवस घरी बसावं लागलं. महिन्याचा पगार १४,०००. दोन महिन्यांत मिळून १९ खाडे कापले गेले, मधे ईद येऊन गेली. ते ठेकेदाराकडे गेले तेव्हा त्याने दोन वाक्यं ऐकवली. पहिलं, “तू काय काम करत होतास का? जेवत होतास.” आणि दुसरं, “कुत्रा काय माझा आहे?”

मग ते माझ्याकडे आले. आणि मी, बीएड झालेला, पेपर वाचणारा, चार लोकांना शहाणपण शिकवणारा माणूस, कागद पुढे ओढून विषय लिहिला: ‘मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करणेबाबत’. प्रति, सरपंच व ग्रामसेवक. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ग्रामपंचायतीने शिक्का मारून पोच दिली. आम्ही दोघंही समाधानाने घरी गेलो.

नऊ महिन्यांनी, डिसेंबरात, पेणमधल्या एका वकील मित्राकडे दुसऱ्याच कामासाठी बसलो होतो. बोलता बोलता हा किस्सा सांगितला. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मास्तर, कुत्रा कुणाचा हे का शोधत बसलात? काम कुणाचं चाललं होतं ते विचारायचं ना.”

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. कारण मोकाट कुत्र्यांवर एवढी चर्चा देशात चालली आहे आणि त्यात हा प्रश्न कुठेच नाही. एका बाजूला कुत्र्यांना खायला घालणारे, दुसऱ्या बाजूला त्यांना घालवा म्हणणारे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपणहून हा विषय हातात घेतला. ऑगस्टमध्ये आधी एक आदेश आला, मग तो बदलला. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातून कुत्री हलवा आणि पुन्हा तिथे सोडू नका, असं कोर्टाने सांगितलं. आमच्या शाळांमध्येही त्यावरून बरीच कुजबुज झाली. आता कुंपण कोण बांधणार, पैसे कुठून येणार, जबाबदार शिक्षक म्हणून नाव कुणाचं जाणार. ते सगळं चालू दे. पण ज्याला चावलं त्याचं काय, आणि चावलं तेव्हा तो कुणासाठी राबत होता, हे विचारायला कुणाला सवड नाही.

पंजाब-हरियाणा हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक हिशेब घालून दिला होता. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघालं असेल तर दर ०.२ सेंटिमीटरच्या जखमेला किमान २०,०००. पेपरांनी तो मोठ्या मथळ्यांनी छापला. तो पैसा सरकारकडून मिळायचा, आणि तोही त्या राज्यांतल्या लोकांना. आपल्याकडे बिबट्याने हल्ला केला तर वनखातं भरपाई देतं, तेही लोकांना ठाऊक असतं. त्यामुळे भरपाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकार येतं. मालक येत नाही.

आणि कायदा मात्र शंभर वर्षांपासून मालकाकडेच बोट दाखवतो. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. २०१० पासून त्याच्या नावात ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण गाभा तोच राहिला. गाभा असा: नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरी चालू असताना घडलेला अपघात असेल, आणि त्यामुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काळ काम करता आलं नाही, तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती का, हे यात विचारतच नाहीत. मालकाने कुत्रा पाळला होता का, त्याने साखळी सोडली का, त्याला माहीत होतं का, यातलं काहीही सिद्ध करावं लागत नाही. हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं. आमच्या यार्डवाल्या अब्बांना कळायचं काही कारणच नव्हतं. खरं तर होतं. २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधन घातलं आहे की कामावर घेतानाच कामगाराला त्याचा हा हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी कळवायचा. न कळवल्यास ५० हजारांपासून एक लाखापर्यंत दंड. तुमच्या ओळखीत असा कागद मिळालेला एक तरी वॉचमन असेल तर मला त्याला भेटायला आवडेल.

‘काम नव्हतास करत, जेवत होतास’ या वाक्याचं उत्तर तर याहून जुनं आहे. आपल्या कायद्यातले कळीचे शब्द इंग्लंडच्या १८९७ च्या कायद्यातून आलेत. तिथे एक खटला झाला होता, रोलंड विरुद्ध राइट. १९०९ च्या निकालसंग्रहात तो आहे. घोडागाडी हाकणारा एक माणूस तबेल्यात बसून आपलं जेवण जेवत होता. तबेल्यातली मांजर त्याला चावली. कोर्टाने भरपाई मंजूर केली. मांजर त्या तबेल्याचीच होती, तिथे बसणं त्याच्या कामामुळेच होतं, म्हणून तो धोकाही कामातूनच आला. त्याच वर्षीच्या संग्रहात दुसरा निकाल आहे, क्रॅस्क विरुद्ध विगन. एका बंगल्यातली मोलकरीण खिडकीपाशी शिवत बसली होती, एक भुंगा आत आला, तिने तो हटवायला हात उचलला आणि स्वतःच्याच डोळ्याला इजा करून घेतली. तिला नाही म्हटलं, कारण भुंगा कुणाच्याही घरात येतो, त्याचा तिच्या नोकरीशी संबंध नाही. वकील मित्राने ही दोन प्रकरणं सांगितली तेव्हा मला यार्डातला ड्रम, डबा आणि ट्रेलरखालची ती कुत्री एकदम समोर दिसली. सहरी तबेल्यातलीच होती. फक्त मांजराच्या जागी कुत्री. आणि ही कुत्री तर डिझेलच्या राखणीसाठी मुद्दाम टिकवलेली.

कामाच्या जागेत चावलं तर हे सरळ आहे. कामावर जाता-येता वाटेत चावलं तर? रात्रपाळीच्या माणसाला कुत्री वाटेतच जास्त भेटतात. इथे कोर्टं बराच काळ चाचपडली. पोरबंदरजवळच्या मिठागरावर काम करणारे मजूर १९५२ साली होडीतून खाडी ओलांडताना बुडाले. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खाडी ही कामाची जागा नव्हे, भरपाई नाही. आमच्या भागात मिठागरं आणि खाडी दोन्ही आहेत, त्यामुळे तो निकाल वाचताना मला जरा जास्तच लागला. पुढे १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्टच्या एका ड्रायव्हरचं प्रकरण आलं. ड्यूटी संपवून दुसऱ्या बेस्ट बसने घरी जाताना अपघातात तो गेला, त्याच्या बायकोला भरपाई मिळाली, कारण बसने फुकट येण्या-जाण्याची सोय नोकरीचाच भाग होती. आणि अगदी अलीकडे, २९ जुलै २०२५ ला, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या एका वॉचमनचा निकाल लागला. त्याची ड्यूटी पहाटे तीनला लागायची. २२ एप्रिल २००३ ला मोटारसायकलने निघाला, कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं, हायकोर्टाने २०११ मध्ये ते काढून घेतलं, आणि सुप्रीम कोर्टाने बावीस वर्षांनी परत दिलं. घर ते कामाची जागा हा प्रवास, त्याची वेळ, जागा आणि कारण नोकरीशी जोडलेलं असेल तर तोही नोकरीत धरायचा, असं आता कोर्टाने मान्य केलंय. नव्या संहितेत तर ते लिहूनच ठेवलंय. पहाटे तीनला माणूस रस्त्यावर फिरायला निघालेला नसतो, हे मानायला इतकी वर्षं लागली.

आता पैशांचं. इथे मला वाचकांना खोटी आशा दाखवायची नाही. तात्पुरत्या इजेसाठी कायदा पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के देतो, म्हणजे घरी बसलेल्या काळाचा साधारण अर्धा पगार. २८ दिवसांपेक्षा कमी दिवस गेले असतील तर पहिले तीन दिवस वगळायचे. १९ वजा ३, राहिले १६ दिवस. १४,००० चे २५ टक्के ३,५००. हिशेब पावणेचार हजारांच्या आसपास येतो. त्यात दवाखान्याचा प्रत्यक्ष झालेला खर्च मिळवायचा, तो वेगळा मागता येतो. सगळं धरून दहा हजारांच्या आत. ठेकेदाराने महिन्याभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. (ज्यांच्या पगारातून ईएसआय कापली जाते त्यांची वाट वेगळी. त्यांनी मालकाकडे नाही, ईएसआयकडे मागायचं, आणि तिथे दर पगाराच्या ९० टक्के आहे. पगाराच्या चिठ्ठीत ती कपात दिसते का, हे आजच बघून ठेवा. चिठ्ठीच मिळत नसेल तर तो स्वतंत्र विषय आहे.)

“दहा हजारांसाठी कोर्टात कोण जातं, सर?” अब्बांनी मला हेच विचारलं. बरोबर आहे. नोकरी जाईल ती भीती मोठी. पण या प्रश्नावर मी खूप विचार केला, आणि मला वाटतं आपण रक्कम चुकीच्या टोकाने मोजतो.

समजा जखमेतली नस गेली असती आणि पाय कायमचा अधू राहिला असता. पगार १४,००० आणि वय ४० धरा. पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. ४० व्या वर्षी तो आकडा १८४.१७ आहे. ८,४०० गुणिले १८४.१७, म्हणजे १५ लाख ४७ हजार. डॉक्टरांनी कमाईची ताकद दहा टक्के कमी झाली असं ठरवलं तरी दीड लाख. आणि समजा इंजेक्शनं अर्धवट सुटली असती आणि रेबीज झाला असता. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. मृत्यूला पगाराच्या निम्म्याला तोच गुणक. १२ लाख ८९ हजार, त्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या हक्काचे.

पण रेबीज लगेच होत नाही. सहसा दोन-तीन महिन्यांनी लक्षणं दिसतात, कधी आठवड्यात, कधी वर्षानेही. मग ती आई आयुक्तांसमोर काय दाखवणार होती? खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर आहे ‘कुत्रा चावणे, डावी पोटरी’. सरकारी केसपेपरवर तेच. ‘यार्डात ड्यूटीवर असताना’ हे तीन शब्द कुठेही नाहीत, कारण ते डॉक्टरांना कुणी सांगितलेच नव्हते. डॉक्टर विचारत नाहीत, त्यांना बाहेरची रांग संपवायची असते. जे सांगाल तेच ते लिहितात. ठेकेदाराच्या मस्टरवर त्या १९ दिवसांत नुसते खाडे आहेत. आणि जो एकमेव अर्ज नीट, तारखेसह, शिक्क्यासह उपलब्ध आहे, तो माझ्या हातचा, ग्रामपंचायतीला, कुत्र्यांच्या बंदोबस्ताबद्दल. त्यातही चावलं कुठे, कुणाच्या कामावर, हे मी लिहिलेलं नाही. ‘आमच्या परिसरात’ असं लिहिलंय. भाषा चांगली वाटावी म्हणून.

ही चूक माझी आहे आणि ती मी मान्य करतो. म्हणूनच आता कुणी चावल्याचं सांगत आलं की मी आधी जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतली का ते विचारतो, इंजेक्शनच्या सगळ्या तारखा मोबाइलमध्ये टाकायला लावतो, आणि मग विचारतो की डॉक्टरांना कामाची जागा सांगितली का. सांगितली नसेल तर पुढच्या इंजेक्शनला सांगा, लिहून घ्या. त्याच दिवशी मालकाला किंवा मुकादमाला साधा व्हॉट्सॲप मेसेज टाका: अमुक वेळी, अमुक ठिकाणी, ड्यूटीवर असताना कुत्रा चावला. वेळेवर नोटीस दिली नाही म्हणून दावा बुडत नाही, जर मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आलं तर. दावा करायला दोन वर्षांची मुदत असते. आणि आमच्याकडे यूपी-बिहारचे जे ड्रायव्हर-क्लीनर आहेत त्यांच्यासाठी एक मोठी सोय आहे: दावा जिथे अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही, स्वतःच्या गावच्या जिल्ह्यातही करता येतो. ठेकेदार पळाला तर मूळ कंपनीलाही जबाबदार धरता येतं, जर ते काम तिच्या धंद्याचाच भाग असेल तर.

आणखी एक गोष्ट आमच्या समाजातल्या भावांसाठी. अब्बांचं पहिलं वाक्य होतं, “जाऊ द्या सर, अल्लाहची मर्जी. कुत्रीचीपण काय चूक, पिल्लं होती तिची.” दुसऱ्या वाक्याशी मी सहमत आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. पण पहिल्या वाक्यात आपण एक गडबड करतो. चावणं तकदीर असेल. खाडे कापणं तकदीर नव्हे, तो एका माणसाने दुसऱ्याच्या पगारावर केलेला हिशेब आहे. सब्र दुखण्यावर करायचा असतो. दुसऱ्याकडे असलेल्या आपल्या हक्काला हुकूक-उल-इबाद म्हणतात, आणि त्याबद्दल दीन काय सांगतो हे मी इथे पढवायला नको. गंमत म्हणजे ज्या शब्दांना आम्ही ‘सरकारी मराठी’ समजून घाबरतो ते सगळे आपलेच आहेत. अर्ज, दावा, हक्क, मुदत, नुकसान, मालक, वकील, तारीख. अरबी-फारसीतून आले, उर्दूत राहिले, मराठीत मुरले. मुलांना मी हे फळ्यावर लिहून दाखवतो तेव्हा ती हसतात. मोठ्यांना अजून दाखवलेलं नाही.

सगळ्यांनाच हा कायदा पुरतो असं मात्र नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. २०२२ मध्ये पनवेलमधल्या एका सोसायटीत जेवण पोचवायला गेलेल्या माणसाला लिफ्टच्या दारात जर्मन शेफर्ड चावला. व्हिडिओ देशभर फिरला. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये तसाच पार्सल घेऊन गेलेला एक तरुण अंगावर धावून आलेल्या कुत्र्यापासून पळताना तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि काही दिवसांनी गेला. दोन्ही वेळा बोलणं झालं ते कुत्र्याच्या मालकावर, पट्ट्यावर, मुसक्यावर. ते झालंच पाहिजे, निष्काळजीपणे जनावर सोडणं हा गुन्हाच आहे. पण काम कुणाचं होतं? ज्या ॲपचं होतं ते ॲप म्हणतं, हा आमचा नोकर नाही, ‘पार्टनर’ आहे. नव्या संहितेने अशा लोकांना ‘गिग कामगार’ असं नाव दिलं आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के एका निधीत भरावेत असं ठरवलं. निधी आणि हक्क यात फरक आहे. निधीकडे मागावं लागतं. मालकाने देणं लागतं.

पनवेलपर्यंत जायलाही नको. आपल्या गावातली आशाताई रोज किती अंगणं ओलांडते? ती सरकारच्या लेखी ‘स्वयंसेविका’ आहे. शाळेत खिचडी शिजवणारी ताई पातेली घासायला मागच्या नळावर जाते, तिथे कुत्री बसलेली असतात. ती मानधनावर आहे. आम्हा शिक्षकांचं बरं असतं. १९८८ मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक ‘कामगार’ नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे त्या बाजूची कवाडं आम्हाला बंद. पण कायम नोकरीवाल्याला ड्यूटीवर इजा झाली तर विशेष विकलांगता रजा आहे, २४ महिन्यांपर्यंत. खिचडीवाल्या ताईला एक दिवसाचीही नाही. एकाच आवारात, एकाच कुत्र्याने दोघांना चावलं तर एकाला रजा मिळेल आणि दुसरीचा दिवस जाईल. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर कुंपणाच्या चर्चेत शाळेच्या बैठकीत मी हे बोललो. सगळ्यांनी मान हलवली. इतिवृत्तात आलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलणार आहे, आणि या वेळी लेखी देणार आहे.

आमच्या यार्डवाल्या अब्बांचं काय झालं ते सांगतो. जानेवारीत वकिलांनी ठेकेदाराला नोटीस पाठवली. अपघात नव्या संहितेआधीचा, म्हणून जुन्या कायद्याखाली. मी या वेळी फक्त तारखा तपासल्या. नोटीस गेल्यावर आठ दिवसांत मुकादम घरी आला, ३,००० रुपये आणि एक टाइप केलेला कागद घेऊन. ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा आशयाचा. अब्बांच्या घरात त्या वेळी तीन हजारांची गरज नव्हती असं नाही. त्यांच्या मुलीने तो कागद वाचला. तिला मराठीत पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ११ होते, मी तिला ‘वाचन कच्चं’ असा शेरा दिला होता. तिने अब्बांना सांगितलं, यात लिहिलंय की पुन्हा काही मागणार नाही. त्यांनी सही केली नाही. नंतर वकिलांनी समजावलं की अशी एकरकमी तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर त्या कागदाने मालक मोकळा होत नाही. पण हे त्या मुलीला माहीत नव्हतं.

अब्बा आता त्या यार्डात नाहीत, दुसरीकडे दिवसपाळीला आहेत, पगार हजाराने कमी. पाय थंडीत अजून दुखतो. यार्डातला साक्षीदार ड्रायव्हर गोरखपूरचा आहे, फोन कधी उचलतो कधी नाही. दावा दाखल करायचा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. मुदत मार्च २०२७ पर्यंत आहे. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, इंजेक्शनचं कार्ड, नोटिशीची प्रत आणि स्पीड पोस्टाची पोच एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून अम्मीने कपाटात ठेवली आहे. मी लिहिलेला ग्रामपंचायतीचा अर्जही तिच्यातच आहे. तो काढून टाका म्हटलं तर ती म्हणाली, “राहू द्या सर, तारीख तर त्याच्यावर आहे ना.”